अंबाजोगाईला न्या

पावसाळ्यातली रात्र. केज किंवा धारूर तालुक्यातलं कुठलंही प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांपुढे आणा. मोटरसायकलवर दोघांच्या मधे एकाला बसवून आणलेलं असतं. सोयाबीनला पाणी देताना अंधारात पायाला काहीतरी चावलं. पोटरीच्या वर उपरणं करकचून आवळलेलं, पापण्या खाली यायला लागलेल्या. बोलायला गेला तर जीभ जड. डॉक्टर टॉर्च मारून डोळे बघतो, उपरणं हळूहळू सैल करायला लावतो, सर्पदंशावरचं इंजेक्शन असेल तेवढं सलाइनमधून सुरू करतो. मग टेबलावरच्या कागदावर चार ओळी लिहून नातेवाइकांच्या हातात देतो आणि म्हणतो, ‘अंबाजोगाईला न्या. आत्ताच्या आत्ता.’

बीड जिल्ह्याच्या या भागात ‘अंबाजोगाईला न्या’ याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. परळी, माजलगाव, वडवणी, केज, धारूर, पलीकडे लातूरचं रेणापूर, धाराशिवचं कळंब, परभणीचं गंगाखेड, एवढ्या मुलखातून माणसं त्या चिठ्ठीसकट स्वाराती रुग्णालयात येतात. स्वाराती म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. स्थापना १९७४. त्याआधीच्या पिढीला असं पटकन नाव घेता येईल असं ठिकाण जवळपास नव्हतं. औरंगाबाद दोनशे किलोमीटरच्या पुढे, हैदराबाद त्याहून कितीतरी लांब. ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ असं डॉक्टर म्हणाला की घरातली बाई रडायला लागायची, कारण मोठा दवाखाना म्हणजे परत न येण्याची वाट.

हे रुग्णालय आहे ते महाविद्यालयामुळे, आणि महाविद्यालय टिकतं ते मान्यतेवर. मान्यता हा शब्द दिल्लीहून येणाऱ्या पत्रातला वाटतो, पण त्याचा धागा थेट त्या मोटरसायकलपर्यंत पोहोचतो. रात्री दीडला अपघात विभागात उभा असलेला निवासी डॉक्टर कुणी तयार केला, त्याला काय आलं पाहिजे हे कुणी ठरवलं आणि ते आलं की नाही हे कुणी तपासलं, याची ही गोष्ट आहे. ती सांगायची तर मोमिनाबादपासून सुरुवात करावी लागते.

निजामाच्या राज्यात अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं. बालाघाटाच्या पठारावरचं थंड हवेचं गाव, हैदराबादच्या फौजेच्या घोडदळाची छावणी. गावाची मूळ ओळख मात्र निराळी. योगेश्वरीचं देऊळ, मुकुंदराजांची समाधी, मराठीतला आद्यग्रंथ मानला जाणारा ‘विवेकसिंधू’, आणि लांबलचक कापडावर शब्द उतरवणारे दासोपंत. अशा गावात १९३० च्या दशकात एक संन्यासी मास्तर येऊन राहिला. व्यंकटेश खेडगीकर हे त्यांचं मूळ नाव. १९३२ मध्ये संन्यास घेतल्यावर ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. आधी हिप्परग्याच्या शाळेत आणि मग इथल्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी मुलं घडवली. १९३८ मध्ये ते स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहासाठी हैदराबादला गेले आणि पुढचा इतिहास मराठवाड्याला पाठ आहे.

त्या काळी मोमिनाबादच्या एखाद्या हुशार मुलाला डॉक्टर व्हायचं तर काय वाट होती? हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची. तिथे वैद्यकाचं शिक्षणही उर्दूतून मिळायचं. आपल्या देशातल्या एका भाषेत शरीररचनाशास्त्रापासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं शिकवण्याचा हा प्रयोग मला मनापासून मोठा वाटतो. हिंदुस्थानात दुसऱ्या कुणाला तो इतक्या हिमतीने करता आला नाही. पण घरात मराठी, गावात मराठी आणि शाळेत उर्दू अशा कसरतीतून हैदराबादपर्यंत पोहोचणारी मराठी मुलं थोडीच असायची. जी पोहोचायची त्यातली परत गावाकडे येणारी त्याहून थोडी.

तिकडे ब्रिटिश हिंदुस्थानात याच सुमाराला मान्यतेवरून मोठा वाद पेटला होता. आपल्याकडच्या पदव्या ग्राह्य धरायच्या की नाही, हे तेव्हा लंडनची जनरल मेडिकल कौन्सिल ठरवत असे. वादाचा विषय होता बाळंतपण. प्रत्येक विद्यार्थ्याने शिकताना ठरावीक संख्येने बाळंतपणं स्वतः केली पाहिजेत, असा कौन्सिलचा आग्रह होता. इकडे बायका दवाखान्यात बाळंत व्हायला येतच नव्हत्या. घरच्या अंधाऱ्या खोलीत सुईण, गरम पाणी आणि बाज, यावर सगळं चालायचं. विद्यार्थ्यांना शिकायला बाळंतपणं मिळणार कुठून? तपासणीस आले, अहवाल गेले, पत्रापत्री झाली आणि १९३० मध्ये लंडनने हिंदुस्थानी पदव्यांची मान्यता काढून घेतली. हा अपमान देशाला झोंबला. त्यातून १९३३ चा भारतीय वैद्यक परिषद कायदा आला आणि पुढच्या वर्षी परिषद उभी राहिली. दर्जा आम्ही ठरवू, हा त्यामागचा बाणा होता.

मला या प्रकरणात दोन्ही बाजूंचं पटतं. ज्याने बाळंतपण पाहिलं नाही अशा डॉक्टरच्या हाती अडलेली बाई देऊ नये, हे लंडनचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण ती बाई दवाखान्यात का येत नाही, तिचं गाव किती लांब आहे, पुरुष डॉक्टरपुढे तिला नेणार कोण, हे त्या तपासणी अहवालाच्या रकान्यांत कुठेच बसत नव्हतं.

असंच काहीसं अमेरिकेत त्याआधी घडलं होतं. अब्राहम फ्लेक्स्नर या शिक्षणतज्ज्ञाने अमेरिका आणि कॅनडातली १५५ वैद्यकीय महाविद्यालयं पालथी घातली आणि १९१० मध्ये अहवाल दिला. प्रयोगशाळा नाही, रुग्ण नाहीत, फी भरली की पदवी, अशी दुकानं त्या अहवालाने बंद पाडली. जगभरातल्या आजच्या वैद्यकीय शिक्षणाचा साचा तिथून आला. पण त्याच लाटेत कृष्णवर्णीयांच्या सातपैकी पाच संस्थाही बुडाल्या आणि त्यांच्या वस्त्यांना पुढची कित्येक वर्षं डॉक्टर मिळेना. आपल्याकडे १९३३ च्या कायद्याने फक्त पदवीधरांची दखल घेतली. त्या वेळी देशातल्या डॉक्टरांपैकी जवळपास दोन तृतीयांश हे पदविकाधारक होते, आणि खेडी बव्हंशी त्यांच्याच भरवशावर होती. १९४६ मध्ये भोर समितीनेही देशाला एकच, पूर्ण शिकलेला ‘मूलभूत डॉक्टर’ हवा असं सांगितलं. हेतू उदात्त होता. खेड्यातल्या माणसाला दुय्यम डॉक्टर का द्यायचा, हा प्रश्न रास्तच होता. तो पूर्ण शिकलेला डॉक्टर खेड्यात जाऊन राहील हे मात्र गृहीत धरलं गेलं.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि त्याच वर्षी औरंगाबादला मराठवाड्यातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ज्याच्या रुग्णालयाला सगळे ‘घाटी’ म्हणतात. पुढची अठरा वर्षं पाच जिल्ह्यांच्या या विभागाला तेवढं एकच महाविद्यालय होतं. मग १९७२ चा दुष्काळ आला. लाल मिलो आणि सुकडीवर माणसं जगली, खडी फोडता फोडता बायकांच्या हातांची सालटी निघाली. स्वामीजी त्याच वर्षी २२ जानेवारीला गेले. दोन वर्षांत मराठवाडा विकास आंदोलन पेटलं. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, वसमतला गोळीबार झाला. रेल्वे हवी, उद्योग हवेत, शिक्षण हवं, आमच्या वाट्याचं आम्हाला द्या, असा तो आक्रोश होता.

त्याच १९७४ साली अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं. जिल्ह्याच्या ठिकाणी नव्हे, विभागाच्या ठिकाणी तर नव्हेच. बीडपासून नव्वद किलोमीटर लांबच्या एका तालुक्याच्या गावी. ‘ग्रामीण’ हा शब्द संस्थेच्या नावातच घातलेला. उभारणीच्या काळाची आठवण निघाली की अंबाजोगाईकर डॉ. व्यंकटराव डावळे यांचं नाव आदराने घेतात. आणि गावातला रिक्षावालाही अभिमानाने सांगतो, ‘आशिया खंडातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज आमचं.’ वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, खेड्यातच महाविद्यालय निघालं होतं, हे इथे सांगायला हवं. पण ते संस्थेने काढलेलं. सरकारने स्वतःच्या पैशाने, ग्रामीण म्हणून, मागास भागातल्या छोट्या गावात काढलेलं म्हणून अंबाजोगाईचा मान वेगळा धरायला माझी हरकत नाही.

वेळ मोठी नेमकी साधली गेली. त्याच वर्षी केंद्र सरकारने वैद्यकीय शिक्षणाचा विचार करायला श्रीवास्तव समिती नेमली. तिचा १९७५ चा अहवाल मी वाचला तेव्हा तो अंबाजोगाई समोर ठेवून लिहिलाय की काय असं वाटलं. आपण शहरातल्या मोठ्या रुग्णालयांसाठी डॉक्टर घडवतो, लोक राहतात खेड्यात, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. गावातल्याच माणसांना आरोग्याचं प्राथमिक शिक्षण द्या, प्राथमिक केंद्रापासून वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत रुग्ण पाठवण्याची एक सलग साखळी बांधा, आणि विद्यापीठ अनुदान आयोगासारखा वैद्यकीय व आरोग्य शिक्षणासाठी एक आयोग नेमा, अशा तिच्या शिफारशी होत्या. गंमत नव्हे, नियती म्हणावी असा योग पाहा: त्याच १९७५ मध्ये लंडनच्या कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा एकदा काढून घेतली. या वेळी मात्र इकडे १९३० सारखी तडफड झाली नाही. आपल्या डॉक्टरने कुठे काम करायचं, हा प्रश्न आता घरातच विचारला जात होता.

१९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्रचनेची योजना आली. प्रत्येक महाविद्यालयाने तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं आपल्याशी जोडून घ्यायची, फिरत्या दवाखान्याच्या गाड्या घेऊन विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी गावात जायचं. कल्पना सुंदर होती. पण डिझेल, ड्रायव्हर आणि प्राध्यापकांची इच्छा, या तिन्हींचा एकत्र मेळ देशात फार थोड्या ठिकाणी बसला, आणि योजना हळूहळू थकली.

या महाविद्यालयाच्या पदव्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले तर त्यांत मराठवाड्याचा अर्धा इतिहास दिसतो. सुरुवातीच्या तुकड्यांच्या पदवीवर मराठवाडा विद्यापीठ. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. आणि १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर पुढच्यांच्या कागदावर त्याचं नाव. पहिला कागद मुक्त मराठवाड्याच्या विद्यापीठाचा, दुसरा ज्यासाठी दलित वस्त्या जळाल्या त्या नावाचा, आणि तिसरा राज्यभर एकच परीक्षा, एकच अभ्यासक्रम असावा या विचाराचा. तिसऱ्या बदलाने दर्जाला मोठी मदत झाली असं माझं मत आहे. मुंबईचा आणि अंबाजोगाईचा विद्यार्थी एकच प्रश्नपत्रिका सोडवू लागला. ‘तिकडच्या बाजूचा डॉक्टर’ ही कुजबुज त्यामुळे बऱ्यापैकी थांबली.

प्रश्नपत्रिका सारखी झाली तरी वॉर्ड सारखे नसतात, आणि इथे अंबाजोगाईचं पारडं जड होतं. मोठ्या शहरातल्या विद्यार्थ्याला जे पुस्तकात वाचायला मिळतं ते इथे रोज स्ट्रेचरवर येतं. फवारणीचं औषध प्यायलेला शेतकरी: तोंडाला फेस, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या आणि अंगाला लसणासारखा वास. हा वास एकदा घेतला की विद्यार्थी तो जन्मभर विसरत नाही. मण्यार चावलेला माणूस, ज्याच्या पायावर दातांची खूणसुद्धा शोधावी लागते आणि श्वास मात्र थांबत चाललेला असतो. सहा ग्रॅम हिमोग्लोबिन घेऊन बाळंत व्हायला आलेली विशीतली मुलगी. १९३० मध्ये लंडनला विद्यार्थ्यांसाठी पुरेशी बाळंतपणं दिसत नव्हती. आज सरकारी रुग्णालयांच्या प्रसूती कक्षात एका खाटेवर कधी कधी दोघी असतात. शिकायला काय मिळेल, हा प्रश्न इथे उरलाच नाही. शेजारी उभं राहून शिकवणारं माणूस आहे का, हा खरा प्रश्न झाला.

आणि नेमकं तिथेच मान्यतेची व्यवस्था अडकली.

१९५६ च्या कायद्याने वैद्यक परिषदेला अधिकार दिले होतेच. १९९३ मध्ये त्यात १०-अ हे कलम आलं. नवं महाविद्यालय काढायचं, जागा वाढवायच्या, पदव्युत्तर विषय सुरू करायचा, तर केंद्राची आधी परवानगी. गल्लोगल्ली निघणाऱ्या खासगी महाविद्यालयांना आवर घालायला ते गरजेचंच होतं. १९९७ मध्ये पदवी शिक्षणाचे नियम आले, १९९९ मध्ये किमान गरजांची यादी आली: किती खाटा, किती प्राध्यापक, किती चौरस मीटरचा शवविच्छेदन कक्ष, ग्रंथालयात किती खुर्च्या. या यादीने बऱ्याच संस्थांना ताळ्यावर आणलं, हे नाकारता येणार नाही. यादी नसती तर सरकारनेही आपल्या महाविद्यालयांत पदं मंजूर केली नसती.

पण परिषदेच्या काळातल्या इन्स्पेक्शनचा दिवस कसा असायचा हे आतल्या माणसांना विचारा. दुसऱ्या राज्यातल्या महाविद्यालयांतले दोन-तीन प्राध्यापक सकाळी अचानक दारात उभे राहतात. सूचना निघते आणि अकरा वाजेपर्यंत प्रत्येक अध्यापकाने सभागृहात हजर व्हायचं असतं. प्रत्येकाच्या बगलेत फाइल: फोटो चिकटवलेला डिक्लरेशन फॉर्म, मूळ पदव्या, नोंदणीचं प्रमाणपत्र, फॉर्म सोळा, राहण्याचा पुरावा. नाव पुकारलं की पुढे जायचं, सही करायची, बसायचं. तिकडे वॉर्डात राउंड थांबलेला असतो. ओपीडीत केस पेपर काढून बसलेली म्हातारी विचारते, ‘सायेब कवा येणार?’ आणि शिपाई हळू आवाजात सांगतो, ‘आज इन्स्पेक्शन हाय मावशी.’ ठरलेल्या मर्यादेहून जास्त अध्यापक कमी भरले की अहवालात ‘त्रुटी’ हा शब्द येतो. मग पूर्तता अहवाल, मग सरकारचं हमीपत्र, मग पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

राज्याने यावर जो तोडगा काढला तो दुखरा होता. तपासणी जवळ आली की एका सरकारी महाविद्यालयातले अध्यापक दुसऱ्या महाविद्यालयात ‘तात्पुरत्या’ बदलीवर पाठवले जायचे. मराठवाड्यात १९८८ मध्ये नांदेडला, २००२ मध्ये लातूरला नवी महाविद्यालयं निघाली आणि डोकी मात्र त्याच जुन्या टोपलीतून मोजायची होती. ज्यांच्या नेमणुका एकशेवीस दिवसांच्या, दर चार महिन्यांनी खंड आणि पुन्हा आदेश, अशा सहायक प्राध्यापकांच्या जिवावर विभागच्या विभाग चालले. अशा माणसाने आपल्या विद्यार्थ्याकडे पाच वर्षांच्या नजरेने कसं बघावं? तरी त्यांनी शिकवलं. मध्यरात्री टाके घालताना शेजारच्या इंटर्नच्या हातात सुई देऊन ‘आता तू घाल, मी आहे’ म्हणणारे असे शिक्षक मी पाहिले आहेत. कोणत्याही तपासणी फॉर्ममध्ये त्या क्षणासाठी रकाना नाही.

मान्यतेची यंत्रणा पुढे स्वतःच कोसळली. एप्रिल २०१० मध्ये परिषदेच्या अध्यक्षांना लाचेच्या आरोपाखाली सीबीआयने अटक केली आणि सरकारने परिषद बरखास्त करून नियामक मंडळ नेमलं. २०१६ च्या मार्चमध्ये संसदेच्या स्थायी समितीने परिषदेवर कठोर अहवाल दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती लोढा यांच्या देखरेखीखाली समिती बसवली. २०१८ मध्ये परिषद पुन्हा बाजूला सारली गेली, २०१९ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा कायदा झाला आणि २५ सप्टेंबर २०२० पासून आयोगाने कारभार हाती घेतला. श्रीवास्तव समितीने आयोग नेमा म्हणून सांगितल्याला तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती.

या धामधुमीत एक चांगली गोष्ट शांतपणे घडली. २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम सुरू झाला. बावीस वर्षांनी अभ्यासक्रम बदलत होता. विद्यार्थ्याला काय माहीत आहे यापेक्षा त्याला काय करता येतं, हे बघायचं. वाईट बातमी नातेवाइकांना कशी सांगायची, रुग्णाची परवानगी कशी घ्यायची, हेसुद्धा आता शिकवायचे आणि तपासायचे विषय झाले. प्राध्यापकांसाठीही शिकवायचं कसं याचे वर्ग झाले. आमच्याकडे हे फार गरजेचं होतं. सरकारी रुग्णालयात पिढ्यान्‌पिढ्या ‘ए मावशी, तिकडं सरक’ अशा आवाजात बोलणं चालत आलं. तो आवाज बदलायचा तर तो आधी शिक्षकाचा बदलावा लागतो, आणि ते बदलताना मी थोडंफार पाहतो आहे.

आणि मग एप्रिल २०२१ आला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत अंबाजोगाईत बावीस मृतदेह एकाच रुग्णवाहिकेत भरून स्मशानात न्यावे लागले. ती छायाचित्रं देशभर गेली. आपल्या भागाची ओळख म्हणून ती पाहताना जे वाटलं ते शब्दांत मांडणं मला आजही जमत नाही. रुग्णवाहिका पुरेशा नव्हत्या, हे कारण प्रशासनाने दिलं आणि ते खरंच होतं. त्या आठवड्यांत विद्यार्थी, इंटर्न, निवासी डॉक्टर, नर्स, सफाई कामगार यांनी आत जे केलं तेही खरं होतं. ग्रंथालयातल्या खुर्च्या कित्येक वर्षं मोजल्या गेल्या होत्या. मेलेल्या माणसाला सन्मानाने नेण्यासाठी किती गाड्या लागतात, हे कुणी मोजलं नव्हतं.

आयोगाने पुढे मोजमाप आणखी बारीक केलं. २०२३ च्या नियमांत दीडशे विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला ६०५ खाटा लागतात. अंबाजोगाईची प्रवेशक्षमता आज दीडशे आहे. अध्यापकांची हजेरी आधारशी जोडली गेली आणि मे २०२५ पासून ती चेहरा दाखवून, मोबाइलवर, ठिकाणाच्या नोंदीसह द्यायची आहे. एका दिवसासाठी माणसं हलवून डोकी भरण्याचा जुना खेळ यामुळे अवघड झाला, आणि ते चांगलंच झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाने आयोगाला दहा वर्षांची मान्यता दिली आणि त्यासोबत देशातली ७०६ महाविद्यालयं जगाच्या यादीत आली. १९३० आणि १९७५ मध्ये जे दार लावलं गेलं होतं ते उघडलं. अंबाजोगाईहून शिकलेल्या मुलीला आता परदेशात पुढे शिकायची वाट अधिक सोपी आहे. मला याचा आनंद आहे आणि काळजीही आहे, कारण तिच्या तालुक्यातली ती चिठ्ठी लिहिणारी खुर्ची अनेकदा रिकामीच असते. २०२२ पासून धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथेही सरकारी महाविद्यालयं सुरू झाली. डॉक्टर वाढतील. शिकवणारे त्या वेगाने वाढलेले नाहीत.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त आशा ज्या एका नियमाची वाटते तो छोटा आहे. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातली तीन ते पाच कुटुंबं दत्तक घ्यायची आणि शिक्षण संपेपर्यंत त्यांच्या संपर्कात राहायचं. कुणाला मधुमेह आहे, कुणाचं लसीकरण राहिलं, घरात पाणी कुठून येतं, हे सगळं लॉगबुकात लिहायचं. १९७७ च्या गाड्यांनी जे साधलं नाही ते कदाचित या वह्यांनी साधेल.

कारण बीडमध्ये दुखणं घरात जाऊनच कळतं. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीच्या दिवसांत तोडीचा खाडा झाला की मुकादम दंड कापतो, आणि अंगावरून पांढरं जातं म्हणून गेलेल्या तिशीच्या आतल्या बाईला ‘पिशवी काढून टाका, मोकळ्या व्हा’ असा सल्ला मिळतो. २०११ च्या जनगणनेत याच जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. गर्भपिशव्या काढणं आणि गर्भातल्या मुली ओळखून पाडणं, ही दोन्ही कामं बहुतेक शिकल्यासवरल्या, नोंदणी असलेल्या हातांनीच झाली. ते हात कुठल्या ना कुठल्या मान्यताप्राप्त महाविद्यालयातूनच बाहेर पडले होते.

याच अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये ‘मानवलोक’ ही संस्था सुरू केली आणि डॉक्टरकी बाजूला ठेवून पाणी, शेती, रोजगार यांत आयुष्य घातलं. माणसाच्या आजाराचं मूळ शेतात आणि मजुरीत शोधायला हवं, हे या गावाला तेव्हापासून ठाऊक आहे.

दसरा उलटला की बालाघाटातले तांडे ऊसतोडीला हलायला लागतात. मुकादमाने पावसाळ्यात दिलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत दोघांची नोंद एकच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पत्रे, शेळी आणि लेकरं चढतात आणि सहा महिन्यांसाठी गाव अर्धं रिकामं होतं. एप्रिलपर्यंत मागे राहतात ती म्हातारी माणसं.

त्या दिवसांत पांढरा ॲप्रन घडी करून पिशवीत टाकलेली, पहिल्या वर्षाची एखादी विद्यार्थिनी आपल्या दत्तक कुटुंबाच्या भेटीला तांड्यावर येते. रक्तदाब मोजायचं यंत्र सोबत असतं. दाराला कुलूप. ओट्यावर बसलेली सासू सांगते, ‘कारखान्याला गेलेत. पाडव्याला येतील.’ मुलगी वही उघडते. भेटीची तारीख, तपासलेल्या व्यक्तींची संख्या, सल्ला, मार्गदर्शकाची सही. ती खाली मातीत म्हातारीच्या शेजारी बसते, आधी तिचाच रक्तदाब मोजते, आणि मग विचारते, ‘आजी, सुनेला किती वर्षं झाली हो उसाला जाऊन?’ उत्तर ती वहीच्या समासात लिहून ठेवते, कारण रकाना नसतो.